चेन सारखी सैल होतेय? आधी मागच्या चाकाजवळचे ते दोन बोल्ट बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र लिहिताना माझ्यासमोर टेबलावर एक बोल्ट ठेवलाय. करंगळीपेक्षा थोडा लांब, एका टोकाला रिंग, दुसऱ्या टोकाला आटे. मोटरसायकलच्या मागच्या चाकाजवळ असतो बघा, चेन टाइट करताना मेकॅनिक ज्याचा नट फिरवतो तोच, चेन अॅडजस्टर. असे दोन असतात, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. माझ्यासमोरचा आहे तो डावीकडचा, म्हणजे चेनच्या बाजूचा, आणि त्याचे मधले आटे इतके झिजलेत की नट नुसता बोटाने ढकलला तरी सरकतो, फिरवावा लागत नाही. या एका बोल्टापायी मी तीन महिने हैराण झालो, गरज नसताना नवीन चेन सेट घातला, आणि एकदा आई मागे बसलेली असताना चढावर चेन उतरली. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, पत्र लांबलंय त्याबद्दल समजून घ्या.

माझी गाडी १०० सीसीची, ११ वर्षं झाली तिला. देवरुखहून संगमेश्वरला रोज कामावर जातो, इकडची तिकडची कामं धरून दिवसाला ४० किलोमीटर होतातच. रस्ता सगळा चढ-उताराचा, पावसाळ्यात जांभ्याची लाल माती चिखल होऊन मागच्या चाकाला, चेन कव्हरला, सगळीकडे चिकटते आणि वाळली की दगडासारखी होते. गेल्या जूनमध्ये चेन सैल झाली, आवाज यायला लागला, रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये टाइट करून घेतली. आठ दिवसांनी परत तेच. परत टाइट केली. परत सैल. तिसऱ्या वेळी तिथला मुलगा म्हणाला, "काका, चेन-स्पॉकेट गेलंय, सेट बदला." स्पॉकेट म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातांचं चाक, पुढे एक आणि मागे एक. मी बदलला, दीड हजाराच्या आसपास गेले. आणि जेमतेम चारशे किलोमीटरवर नवीन चेनसुद्धा लोंबायला लागली, तेव्हा त्यानेच सांगितलं की नवीन चेन सुरुवातीला थोडी सैल होतेच. हे खरंही आहे, नवीन चेन पहिले काही शे किलोमीटर बसते, ढिली होते, म्हणून मीसुद्धा विश्वास ठेवला.

मग ऑगस्टमध्ये आईला डॉक्टरकडे घेऊन चाललो होतो, चढाला दुसऱ्यावरून पहिला गिअर टाकला आणि खालून कडकड असा आवाज, गाडी एकदम थबकली. चेन मागच्या स्पॉकेटवरून उतरून आतल्या बाजूला अडकलेली. वेग पंधराचा पण नव्हता म्हणून पडलो नाही. हीच चेन उताराला पन्नासच्या स्पीडमध्ये उतरली असती आणि मागचं चाक जाम झालं असतं तर काय झालं असतं याचा विचार मी नंतर कितीतरी रात्री केलाय. पुढच्या स्पॉकेटपाशी चेन गोळा झाली तर इंजिनचा केस फुटतो, तो खर्च वेगळाच, पण मला खर्चाचं काही वाटत नव्हतं, आई त्या वेळी ६८ वर्षांची होती एवढंच डोळ्यासमोर येत होतं.

गाडी ढकलत नेली ती बाजारपेठेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे. त्यांनी चेनला हातसुद्धा लावला नाही. आधी गाडीच्या मागे उकिडवे बसले, डावी खूण बघितली, उजवी खूण बघितली, मला म्हणाले, "बघा, चाक तिरकं आहे." चिमट्यावर, म्हणजे स्विंगआर्मवर, दोन्ही बाजूंना ज्या बारीक रेघा असतात त्यात डावीकडची अॅडजस्टरची खूण जवळजवळ दीड रेघ पुढे सरकलेली होती, उजवीकडची जागेवर. मग त्यांनी अॅक्सलचा, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याचा, मोठा नट ढिला केला, डावा अॅडजस्टर नट १० नंबरच्या पान्याने फिरवायला घेतला, तो फिरतोय फिरतोय आणि चाक काही मागे येत नाही. तिथेच निकाल लागला. बोल्ट बाहेर काढला तर आट्यांमध्ये बारीक चकाकणारा लोखंडाचा कीस, आणि जिथे नट नेहमी बसतो तिथे बोल्टाची कंबर बारीक झालेली. रिंगचं भोकही गोल राहिलं नव्हतं, लांबट झालं होतं. दोन्ही बाजूंची नवी जोडी, नटांसकट, सव्वाशे रुपयांत आली. त्यानंतर आता मार्च आला, चेन फक्त एकदा टाइट करावी लागली.

आता हा बोल्ट नेमकं करतो काय हे मला पण आधी माहीत नव्हतं, मिस्त्रींनी सांगितलं आणि नंतर मी गाडीच्या मॅन्युअलमध्ये वाचून घेतलं. मागच्या चाकाचा अॅक्सल चिमट्याच्या लांबट खाचेत बसतो, म्हणजे तो पुढेमागे सरकू शकतो, सरकायलाच हवा, नाहीतर चेन टाइट कशी होणार. अॅडजस्टर त्या अॅक्सलला मागून ओढून धरतो आणि चाक सरळ ठेवतो. पण चाक जागेवर दाबून धरायचं मुख्य काम अॅक्सलच्या मोठ्या नटाचं. तो नीट आवळलेला असेल तर बारीक बोल्टावर फारसा लोड येत नाही. तो थोडासा जरी सैल राहिला की चेनची सगळी ओढ या बारीक आट्यांवर येते, आणि ती ओढ किती असते, तर १०० सीसीच्या गाडीतसुद्धा पहिल्या गिअरला जोर लावल्यावर दोन-अडीचशे किलोच्या पुढे जाते, इंजिनचा टॉर्क, गिअरचे रेशो आणि पुढच्या स्पॉकेटचा घेर घेऊन हिशोब केला की कुणालाही काढता येईल. ६ मिलिमीटरच्या बोल्टाचे झिजलेले, गंजलेले आटे हे रोज किती दिवस सहन करणार?

ओळखायचं कसं ते सांगतो, यासाठीच हे पत्र. सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे खूण. चेन टाइट करून घेतली की लगेच अॅडजस्टरची खूण चिमट्यावरच्या कितव्या रेघेवर आहे ते दोन्ही बाजूंनी बघायचं आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा, किंवा नेलपॉलिशचा एक ठिपका अर्धा अॅडजस्टरवर आणि अर्धा चिमट्यावर येईल असा लावायचा. आठ-पंधरा दिवसांनी चेन सैल वाटली की परत बघायचं. खूण जागेवर आहे आणि तरी चेन सैल आहे, तर चेनच झिजतेय. खूण पुढे सरकलीय, तर चेनचा काही दोष नाही, अॅक्सल नट आणि अॅडजस्टर बोल्ट यांच्याकडे बघा. मला हे जूनमध्ये कुणी सांगितलं असतं तर दीड हजार वाचले असते आणि आईला तो प्रसंग बघावा लागला नसता. चाक दोन-तीन मिलिमीटर जरी पुढे सरकलं तरी चेनची ढील त्याच्या कितीतरी पट वाढते, म्हणून काल बरी होती आणि आज एकदम लोंबतेय असं झालं की हाच संशय आधी घ्यायचा, चेन झिजून सैल होते ती हळूहळू होते, एका रात्रीत होत नाही.

दुसरी गोष्ट हाताला कळते. गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद, न्यूट्रलमध्ये. अॅक्सल नट ढिला करायचा, मागचा लॉक नट, म्हणजे अॅडजस्टरचा नट जागेवर अडकवून ठेवणारा दुसरा नट, सोडवायचा, आणि अॅडजस्टरचा नट हलक्या हाताने फिरवायचा. चांगल्या बोल्टावर प्रत्येक पाव फेऱ्याला नट थोडा जड जातो आणि चाक केसाएवढं मागे येताना दिसतं. आटे गेलेले असले की नट मध्येच हलका होतो, मग जड, मग परत हलका, किंवा नुसताच फिरत राहतो. कधी कधी टक् करून एक आटा मागे सटकल्यासारखं जाणवतं. बोल्टाला धरून वर-खाली हलवून बघा, नटात डगडगत असेल तर गेला समजा. आणि डोळ्यांनी बघायला आधी रॉकेल किंवा डिझेलने ब्रशने धुऊन काढा, चिखल आणि जळकं ऑइल यांच्या थराखाली काही दिसत नाही. आट्यांचं टोक धारदार दिसलं पाहिजे, चपटं किंवा चकचकीत झालेलं असेल तर ते झिजलेत. बोल्ट वाकलाय का तेही बघा, विशेषतः रिंगच्या मानेजवळ, आणि चिमट्याच्या टोकाची जी पट्टी किंवा टोपी असते, जिच्यावर नट टेकतो, ती आत दबलीय का. नवीन बोल्ट घातला आणि पट्टी दबलेलीच राहिली तर नट वाकडा बसतो आणि नवे आटे पण लवकर जातात.

तिसरी मिस्त्रींची युक्ती, ही मला फार आवडली. अॅडजस्टर हवा तिथे सेट करायचा, अॅक्सल नट थोडासाच आवळायचा, मग जाड फडक्याची घडी करून मागच्या स्पॉकेट आणि चेनच्या मधे ठेवायची आणि चाक हाताने फिरवून ती घडी दातांत अडकवायची, म्हणजे चेन ताणली जाते आणि अॅक्सलला पुढे ओढते. बोल्ट चांगला असेल तर खूण हलत नाही. गेलेला असेल तर डोळ्यादेखत पुढे सरकते. बोल्ट ठीक निघाला तर त्याच ताणलेल्या अवस्थेत अॅक्सल नट फुल टाइट करून टाकायचा, चाक दोन्ही बाजूंनी अॅडजस्टरला घट्ट टेकून बसतं. बोटं मात्र लांब ठेवा, चाक सावकाश फिरवा. आणि कृपा करून इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसायचं किंवा ऑइल सोडायचं काम कुणी करू नका, मी एका माणसाची दोन बोटं अशी गेलेली बघितलीत.

पूर्ण चेन कव्हर असलेल्या गाड्यांना चेन बघायला कव्हरला एक रबरी बूच असतं, ते काढून बोटाने चेन वर-खाली करायची. बहुतेक १०० ते १५० सीसीच्या गाड्यांत २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास ढील ठेवायला सांगतात, तुमच्या गाडीचा नक्की आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी बघा. एका ठिकाणी टाइट आणि दुसऱ्या ठिकाणी लोंबणारी असेल तर चेन असमान झिजलीय, तिथे अॅडजस्टर बदलून काही उपयोग नाही. उघडी चेन असेल तर मागच्या स्पॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने बाहेर ओढून बघा, अर्धा दात उघडा पडला तर चेन संपली. मोजायचीच असेल तर ४२८ नंबरच्या चेनची एक कडी १२.७ मिलिमीटरची असते, म्हणजे पिनेच्या मध्यापासून २० कड्या मोजल्या की नवीन चेन २५४ मिलिमीटर भरते, तीच ताणून धरल्यावर २५९ भरायला लागली की बदलायची वेळ झालीच. चेन लांब होते असं आपण म्हणतो पण लोखंड ताणलं जात नाही, पिना आणि त्यांच्यावरच्या नळ्या, म्हणजे बुश, झिजतात, तेवढीच ती लांब दिसते.

आणि चाक डगमगतंय म्हणून प्रत्येक वेळी बोल्टालाच दोष देऊ नका. चाक धरून आडवं हलवलं आणि टकटक वाजलं तर बेअरिंग असू शकतं, आख्खा चिमटाच आडवा हलत असेल तर त्याचे बुश, आणि मागचं स्पॉकेट हाताने पुढेमागे बरंच फिरत असेल, गिअर टाकताना हिसका बसत असेल तर हबातले, म्हणजे चाकाच्या मध्यभागातले, रबर. या सगळ्यात मागच्या खुणा जागेवरच राहतात.

बुलेटवाल्यांसाठी एक गोष्ट, बऱ्याच बुलेटला असा बोल्ट नसतोच, तिथे अॅक्सलवर गोगलगायीच्या आकाराची दातांची चकती असते, ती फिरवून चाक मागे घेतात. तिथे दात झिजलेत का, आणि दोन्ही बाजूंना सारख्याच नंबरच्या दातावर आहे का, एवढं बघायचं.

हे बोल्ट का जातात, तर माझ्या मते निम्म्याहून जास्त आपल्या घाईमुळे. गॅरेजमध्ये गर्दी असते, अॅक्सल नट पूर्ण ढिला न करताच अॅडजस्टर नट जोराने फिरवतात, चाक घासत घासत मागे येतं आणि आटे तिथेच खरवडले जातात. कुणी मागून हातोडी मारतं. लॉक नट कसायचा राहून गेला की खड्ड्यांनी अॅडजस्टरचा नट आपोआप मागे फिरतो. अॅक्सलचा नायलॉनवाला नट दहा-दहा वेळा काढून परत तोच लावतात, त्याची पकड राहिलेली नसते. आणि आमच्या कोकणात तर गंज, चार महिने पाऊस आणि उरलेले महिने दमट हवा, नट बोल्टाला असा धरून बसतो की पाना लावला की बोल्टच पिळला जातो. मला मेकॅनिक लोकांबद्दल राग नाही, दिवसभर वाकून काम करतात आणि चेन टाइट करायचे वीस-तीस रुपये मिळतात, त्यात किती वेळ देणार. पण सेट बदला असं सांगायच्या आधी दोन मिनिटं खुणा बघाव्यात एवढी विनंती आहे, आणि काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. माझ्या जुन्या चेनला मी नंतर वरच्यासारखं मोजलं, २० कड्या २५६ सुद्धा भरल्या नाहीत. म्हणजे ती अजून बरीच चालली असती.

बोल्ट बदलताना दोन्ही बाजूंचे एकदमच बदला, एक नवा एक जुना ठेवू नका, शक्यतो कंपनीचा पार्ट घ्या, लोकलमधले काही इतके मऊ असतात की पहिल्यांदा आवळतानाच आटे बसतात. आट्यांना थोडं ग्रीस लावा, गंज धरत नाही. चिमट्यावरच्या रेघांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, जुन्या किंवा ठोकलेल्या गाडीत त्या दोन्ही बाजूंना सारख्या असतीलच असं नाही, चिमट्याच्या पुढच्या पिव्होट बोल्टाच्या, म्हणजे ज्यावर चिमटा वर-खाली हलतो त्याच्या, मध्यापासून अॅक्सलच्या मध्यापर्यंत सरळ तार लावून दोन्ही बाजू मोजून घ्या. सुतळी ताणली जाते, ती नको. आणि चाक मागे-पुढे झालं की ड्रम ब्रेकचा प्ले, म्हणजे पेडलची मोकळी हालचाल, पण बदलतो, हे तर हमखास विसरलं जातं. चेनचं काम झालं की पायाचा ब्रेक दाबून बघा, मागचा लाल दिवा वेळेवर लागतो का बघा, ब्रेकच्या आडव्या पट्टीचा, म्हणजे टॉर्क रॉडचा, नट आणि त्याची पिन परत लावलीय का बघा. आमच्याकडच्या उतारांवर मागचा ब्रेक ढिला राहिला तर चेनपेक्षा मोठं संकट आहे.

आता तुमच्याकडे मागणं. तुमच्या पेपरात दर आठवड्याला गाड्यांचं पान येतं, मी ते पूर्ण वाचतो, पण त्यात सगळं नवीन गाडी कुठली आली आणि किती किंमत याबद्दल असतं. दहा-बारा वर्षं जुनी गाडी रोज चालवणारे आमच्यासारखे वाचक गावोगावी आहेत. मे महिन्यात, पावसाच्या आधी, त्या पानावर मागच्या चाकाचं एक साधं चित्र छापा, खूण कुठे बघायची, नट कुठला, बोल्ट कुठला एवढं दाखवणारं, लोक कापून ठेवतील.

आणि जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान होतं, हेल्मेटबद्दल सांगतात, ते सांगायलाच पाहिजे. पण खासगी दुचाकीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांसाठी असतं आणि तेवढ्या काळात गाडीची चेन, अॅक्सल नट, ब्रेक कुणीच तपासत नाही, पीयूसीला फक्त धूर बघतात. त्या अभियानात एक दिवस बाजाराच्या ठिकाणी टेबल टाकून, आयटीआयत दुचाकीचं काम शिकणारी मुलं बसवून, येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दोन खुणा बघून दिल्या तर फार खर्च नाही, एका गाडीला दोन मिनिटं लागतात. मुलांनाही हात साफ करायला मिळेल. एमएच ०८ च्या, म्हणजे रत्नागिरीच्या, आमच्या आरटीओने सुरुवात केली तर मी स्वतः सुट्टी टाकून मदतीला येईन, हे मनापासून लिहितोय.

बोल्टाचा फोटो सोबत जोडलाय. जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवून उन्हात काढलाय, आट्यांमधला फरक स्पष्ट दिसतो. जागा कमी असेल तर माझं पत्र कापा, पण तो फोटो छापा.

आपला,
एक नियमित वाचक, देवरुख